एक संघ, दोन हंगाम आणि बदललेली बॅट

डेनिस लिली हे नाव तुमच्यापैकी क्रिकेटवेड्यांनी वडिलांच्या किंवा आजोबांच्या तोंडून ऐकले असेल. ऑस्ट्रेलियाचा हा नामांकित वेगवान गोलंदाज १९७९ च्या डिसेंबरात पर्थच्या मैदानावर इंग्लंडविरुद्ध फलंदाजीला उतरला तो चक्क ॲल्युमिनियमची बॅट घेऊन! चेंडू खराब होतो अशी तक्रार झाली, बराच वाद झाला आणि शेवटी लिलीने ती बॅट रागारागाने दूर भिरकावली. पुढे बॅटचे पाते लाकडाचेच असले पाहिजे असे क्रिकेटच्या नियमांत घालण्यात आले.

अमेरिकेतील महाविद्यालयांच्या बेसबॉलमध्ये मात्र नेमके उलटे घडले. तेथे १९७४ मध्ये ॲल्युमिनियमच्या बॅटीला परवानगी मिळाली. कारण साधे होते. लाकडी बॅट मोडते, आणि एका हंगामात पन्नाससाठ सामने खेळणाऱ्या महाविद्यालयाला मोडक्या बॅटींचा खर्च झेपेना. धातूची बॅट मोडत नाही. पण या काटकसरीतून असा एक प्रश्न उभा राहिला की, तो सोडवायला पदार्थविज्ञानाच्या प्राध्यापकांना बोलवावे लागले. त्या प्रश्नाची ही हकीकत आहे.

आधी खेळाविषयी थोडेसे. बेसबॉलमध्ये गोलंदाजाला पिचर म्हणतात. फलंदाजाच्या जागेपासून तो १८.४४ मीटर अंतरावर, म्हणजे जवळजवळ आपल्या क्रिकेटच्या खेळपट्टीइतक्याच अंतरावर उभा असतो. चेंडू टप्पा न पडता सरळ येतो. फलंदाजाने तो मैदानाच्या कुंपणाबाहेर टोलवला की ‘होम रन’. आपला षटकारच म्हणा. महाविद्यालयांचा हंगाम फेब्रुवारीच्या मध्यास सुरू होतो. नेहमीचे सामने जास्तीत जास्त छप्पन्न. त्यानंतर निवडक ६४ संघांची स्पर्धा होते आणि त्यातून उरलेले आठ संघ जून महिन्यात नेब्रास्का राज्यातील ओमाहा शहरी अजिंक्यपदासाठी जमतात.

साउथ कॅरोलायना विद्यापीठाच्या संघाने २०१० च्या हंगामात सत्तर सामने खेळून ५४ जिंकले आणि ओमाहात पहिल्यांदाच अजिंक्यपद मिळवले. पुढच्या वर्षी, २०११ मध्ये, याच संघाने एकोणसत्तर सामन्यांपैकी ५५ जिंकून अजिंक्यपद राखले. विद्यापीठ तेच, प्रशिक्षक रे टॅनर तेच. बरेचसे खेळाडूही तेच. पण हातातली बॅट तीच नव्हती. २०११ च्या हंगामापासून महाविद्यालयीन खेळांचे नियमन करणाऱ्या राष्ट्रीय संस्थेने बॅटीसाठी नवा दंडक लागू केला होता. त्या दंडकाचा गाभा म्हणजे एक आकडा : ०.५०.

हा आकडा कसला? ते समजण्यासाठी एक चेंडू घ्या आणि १०० सेंटिमीटर उंचीवरून फरशीवर सोडा. तो उसळून परत १०० सेंटिमीटर वर येत नाही. चांगला टेनिसचा चेंडू साधारण ५५ सेंटिमीटर वर येतो. आपटल्यानंतरचा वेग आणि आपटण्यापूर्वीचा वेग यांच्या गुणोत्तराला आपण उसळी-गुणांक म्हणू. उंचीवरून तो काढायचा तर दोन उंचींचे गुणोत्तर घेऊन त्याचे वर्गमूळ काढायचे. टेनिसच्या चेंडूसाठी ०.५५ चे वर्गमूळ, म्हणजे सुमारे ०.७४ येते.

बेसबॉलचा चेंडू आतून बूच व रबर, त्यावर लोकरीच्या धाग्यांचे घट्ट वेढे आणि वरून शिवलेले कातडे असा असतो. तो लाकडी बॅटीवर मोठ्या वेगाने आदळला की उसळी-गुणांक ०.५० च्या किंचित खाली येतो. आता गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते हे तुम्हाला ठाऊक आहेच. वेग निम्मा झाला म्हणजे ऊर्जा पाव झाली. म्हणजे आघातात ऊर्जेचा तीन चतुर्थांश भाग नाहीसा होतो! तो जातो कुठे? आघाताच्या वेळी चेंडू चेपतो. आतले धागे एकमेकांवर घासतात, रबर दबते, आणि बरीचशी ऊर्जा चेंडूच्या पोटात उष्णतेच्या रूपाने मुरते. हे सगळे सेकंदाच्या हजाराव्या भागात उरकते.

म्हणजे नुकसान मुख्यतः चेंडू करतो, बॅट नव्हे. हे ध्यानात आले की धातूच्या बॅटीचे रहस्य उलगडते. लाकडी बॅट भरीव, म्हणून तिचा पृष्ठभाग दबत नाही. दबण्याचे सगळे काम चेंडूलाच करावे लागते. ॲल्युमिनियमची बॅट आतून पोकळ असते. तिची पातळ भिंत चेंडूच्या माऱ्याखाली किंचित आत जाते आणि लगेच पूर्ववत होते. सर्कशीत झुल्याखाली जाळी बांधलेली असते ना? वरून पडलेला कसरतपटू तिच्यावर पडून पुन्हा वर उसळतो, तसेच काहीसे. धातूची भिंत घेतलेली ऊर्जा जवळजवळ पुरीच्या पुरी परत करते. काही भार भिंतीने पेलला, म्हणून चेंडू कमी चेपला. कमी चेपला म्हणून त्याच्या पोटात मुरणारी ऊर्जाही कमी झाली. भिंत स्वतः काही ऊर्जा निर्माण करीत नाही. ती फक्त चेंडूची उधळपट्टी थांबवते.

याचा पडताळा शाळेतच घेता येईल. टेनिसची एक रॅकेट जमिनीवर दोन विटांवर आडवी ठेवा. दोन मित्रांना तिची चौकट विटांवर घट्ट दाबून धरायला सांगा. आता तोच टेनिसचा चेंडू एक मीटरवरून आधी फरशीवर आणि मग रॅकेटच्या तातींच्या मध्यावर सोडा. मागे भिंतीवर मोजपट्टी उभी चिकटवा आणि प्रत्येकी दहा वेळा मोजून सरासरी घ्या. दोन उसळींत फरक किती पडतो ते स्वतःच पाहा. चौकट दाबून न धरता हातात सैल धरली तर काय होते, तेही पाहण्यासारखे आहे.

आता खेळाडूच्या जिवाशी संबंध असलेला हिशेब करू. समजा, चेंडू फलंदाजापर्यंत सेकंदाला ३८ मीटर वेगाने आला आणि बॅट त्याच्याकडे ३१ मीटर वेगाने आली. क्षणभर आपण त्या बॅटीवरच बसलो आहोत अशी कल्पना करा. आगगाडीच्या खिडकीतून समोरून येणारी गाडी पाहावी तसा चेंडू आपल्याकडे ३८ + ३१ = ६९ मीटर वेगाने येताना दिसेल. बॅट काही भिंतीसारखी अचल नसते. मार बसला की ती मागे रेटली जाते. त्यामुळे गुणांक ०.५० असला, तरी बॅटीवरून पाहताना चेंडू आलेल्या वेगाच्या साधारण ०.२० पटीनेच परत जातो. म्हणजे ६९ च्या ०.२० पट, १३.८ मीटर. त्यात बॅटीचा स्वतःचा ३१ मीटर वेग मिळवला की मैदानावरून पाहणाऱ्याला चेंडू ४४.८ मीटर, म्हणजे ताशी सुमारे १६१ किलोमीटर वेगाने सुटलेला दिसेल.

बॅट बदला आणि गुणांक ०.५५ धरा. ०.२० च्या जागी सुमारे ०.२४ येतील. बाकी सारे तेच ठेवून हाच हिशेब केला तर वेग ४७.६ मीटर, म्हणजे ताशी सुमारे १७१ किलोमीटर येतो. गुणांकात दशांश चिन्हापुढे दुसऱ्या स्थानी पाचाचा फरक, आणि वेगात ताशी दहा किलोमीटरचा! उंच टोलवलेला चेंडू एवढ्याने नऊएक मीटर जास्त लांब जाऊ शकतो. कुंपणाच्या आत झेलला जाणारा फटका कुंपणाबाहेर पडायला तेवढे पुरते.

पण मुख्य काळजी पिचरची होती. चेंडू टाकल्यावर त्याचे पाऊल पुढे पडते. तेव्हा त्याच्यात आणि फलंदाजात जेमतेम साडेसोळा मीटर अंतर राहते. अंगात तोल आलेला नाही, आणि डोक्यावर शिरस्त्राण म्हणून साधी टोपी. पहिल्या बॅटीने थेट त्याच्याकडे मारलेला चेंडू ०.३७ सेकंदात पोहोचतो, दुसऱ्या बॅटीने ०.३५ सेकंदात. तुम्ही म्हणाल, दोन शतांश सेकंदाने असे काय बिघडते? पण तेवढ्यात तो चेंडू जवळजवळ एक मीटर पुढे आलेला असतो. हात चेहऱ्यासमोर आणायला लागणारा वेळच ज्या मापाचा आहे, तेथे दोन शतांशांना फार मोल आहे.

बॅटी तयार करणाऱ्यांनी भिंती पातळ करीत नेल्या, बॅटी हलक्या होत गेल्या आणि खेळाचे स्वरूपच पालटले. १९९८ च्या ओमाहा स्पर्धेत मिळून ६२ होम रन झाले. अंतिम सामन्यात सदर्न कॅलिफोर्नियाने ॲरिझोना स्टेटला २१–१४ असे हरवले. हा धावफलक बेसबॉलचा वाटतच नाही! त्यानंतर चेंडूच्या परतीच्या वेगावर मर्यादा घालणारा नियम आला. बॅटीचे वजनही अगदीच कमी चालेना. तरी एक चोरवाट राहिली, आणि ती मला या साऱ्या प्रकरणातील सर्वांत बोधक गोष्ट वाटते.

कार्बनच्या तंतूंमध्ये राळेसारखा पदार्थ भरून केलेल्या संमिश्र बॅटी बाजारात आल्या. कारखान्यातून आलेली कोरी बॅट प्रयोगशाळेत तपासली की ती नियमात बसे. पण शेकडो फटके खाल्ल्यावर तिच्या भिंतीत डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक चिरा पडत, भिंत अधिक लवचीक होई आणि बॅट अधिक जोरकस होई. काही बिलंदर तर बॅट रुळांमध्ये दाबून मुद्दाम ‘मुरवून’ घेत. लाकडी बॅट वापराने कमजोर होते, ही वापराने तेज होई. २००९ मध्ये प्रत्यक्ष सामन्यांत वापरलेल्या संमिश्र बॅटी तपासल्या तेव्हा बहुतेक नियमाबाहेर गेलेल्या आढळल्या आणि त्यांच्यावर लगेच बंदी आली. मोजमाप चुकीचे नव्हते. ते चुकीच्या वेळी केले जात होते.

नव्या दंडकाने हे दोन्ही पेच सोडवायचे ठरवले. इलिनॉय विद्यापीठातील पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक ॲलन नॅथन हे या कामी सल्ला देणाऱ्या शास्त्रज्ञांपैकी एक. चाचणी अशी : बॅट मुठीजवळ एका खिळीवर फिरती बसवायची आणि हवेच्या दाबावर चालणाऱ्या तोफेतून तिच्यावर ताशी सुमारे २१९ किलोमीटर वेगाने चेंडू सोडायचा. येतानाचा आणि परततानाचा वेग प्रकाशझोत छेदले जाण्याच्या वेळांवरून मोजायचा. त्यावरून गुणांक काढायचा आणि तो ०.५० च्या वर जाता कामा नये. म्हणजे धातूची असली तरी बॅट लाकडी बॅटीसारखी वागली पाहिजे. संमिश्र बॅट मुद्दाम मुरवून पुन्हा तपासायची. ती मुरल्यावरही मर्यादेत राहिली तरच पास.

या बॅटी घेऊन २०११ चा हंगाम सुरू झाला. परिणाम काय झाला?

येथे घाई करू नका. साउथ कॅरोलायनाचे अंतिम सामनेच पाहिले तर फसाल. जुन्या, तेज बॅटींच्या २०१० मध्ये त्यांनी निर्णायक सामना अकरा डाव चाललेल्या झुंजीत २–१ असा जिंकला. नव्या, मंद बॅटींच्या २०११ मध्ये अंतिम फेरीचा पहिला सामनाही अकरा डावांत २–१ असाच संपला! यावरून बॅट बदलल्याने काहीच फरक पडला नाही असे म्हणावे काय? मुळीच नाही. एका सामन्यात पिचरची तब्येत, पंचांचा निर्णय, चेंडूचे नशीब, सारेच मिसळलेले असते.

दुसरी अडचण याहून मोठी. ओमाहाचे जुने रोझेनब्लॅट मैदान २०१० नंतर बंद झाले आणि २०११ पासून स्पर्धा शहरातल्या नव्या मैदानावर गेली. या मैदानाची दिशाच अशी आहे की, उन्हाळ्यातले दक्षिणेकडचे वारे बरेचदा फलंदाजाच्या तोंडावर येतात. म्हणजे बॅट आणि मैदान एकाच वर्षी बदलले! धावा घटल्या तर दोष कोणाचा?

मला माझे बी.एस्सी.चे दिवस आठवतात. साध्या लंबकाच्या प्रयोगात वेळ वाचवण्यासाठी मी दोऱ्याची लांबी आणि गोळा दोन्ही एकदम बदलले. आलेख सुरेख आला. सरांनी वही परत करताना एवढेच विचारले, “कशामुळे?” मला उत्तर देता आले नाही. सगळा प्रयोग पुन्हा करावा लागला.

सुदैवाने बेसबॉलपुरते उत्तर ओमाहाबाहेर मिळते. पहिल्या श्रेणीत सुमारे तीनशे संघ. त्यांचे आपापसांतले सामने धरले तर हंगामात आठ हजारांच्या आसपास सामने होतात आणि ते शेकडो मैदानांवर. ती मैदाने २०१० मध्ये होती तीच २०११ मध्ये होती. एवढ्या मोठ्या संख्येत एकेका सामन्याची लहर पुसली जाते. त्या साऱ्यांची सरासरी अशी : दर संघाच्या दर सामन्यातील धावा ६.९८ वरून ५.५८ वर आल्या. होम रन ०.९४ वरून ०.५२ वर, म्हणजे जवळजवळ निम्म्यावर. यशस्वी फटक्यांचे प्रमाण हजारी ३०५ वरून २८२ वर. हे मैदानाचे काम नव्हे, बॅटीचेच.

साउथ कॅरोलायनाने २०११ मध्ये गोलंदाजी आणि क्षेत्ररक्षण यांवर भिस्त ठेवली. २०१० मध्ये सुरू झालेली त्यांची विजयमालिका राष्ट्रीय स्पर्धेत सलग सोळा सामन्यांपर्यंत गेली. खेळाचे साधन बदलले की त्याच्याशी लवकर जुळवून घेणारा पुढे जातो, हे क्रिकेटमध्येही आपण पाहतोच.

ओहोटी मात्र येथे थांबली नाही. ओमाहाच्या २०१३ च्या स्पर्धेत सगळे मिळून होम रन झाले तीन! २०१४ मध्येही तीनच. त्यातला शेवटचा मात्र मोलाचा ठरला. २५ जून २०१४ रोजी व्हर्जिनियाविरुद्धच्या निर्णायक सामन्यात आठव्या डावात व्हँडरबिल्टच्या जॉन नॉरवूडने तो मारला आणि त्याच्या संघाने ३–२ असे अजिंक्यपद पटकावले. त्या वर्षी देशभरची सरासरी दर सामन्याला ०.३९ वर उतरली होती. प्रेक्षक कंटाळले, प्रशिक्षक कुरकुरू लागले. पिचरची सुरक्षितता राखली तर खेळाची रंगत गेली, अशी ओरड सुरू झाली.

मग काय, पुन्हा बॅटी तेज करायच्या? नियमकर्त्यांनी तसे केले नाही, आणि येथे त्यांच्या शहाणपणाला दाद द्यावीशी वाटते. त्यांनी बॅटीला हात लावला नाही. त्यांनी चेंडूची शिवण बदलली.

महाविद्यालयीन चेंडूची शिवण सुमारे १.२ मिलिमीटर उंच असे. २०१५ पासून ती सुमारे ०.८ मिलिमीटर केली. उंच शिवणीमुळे चेंडूभोवतीची हवा अधिक ढवळली जाते आणि हवेचा रोध वाढतो. वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत दोन्ही प्रकारचे चेंडू यंत्रातून सारख्याच वेगाने, सारख्याच कोनात आणि सारखीच फिरकी देऊन सोडले. उंच शिवणीचा चेंडू ३६७ फूट गेला, सपाट शिवणीचा ३८७ फूट. वीस फुटांचा, म्हणजे सहा मीटरांचा फरक. आता युक्ती पाहा. हवेचा रोध लांबच्या प्रवासात साठत जातो. पिचरपर्यंतच्या साडेसोळा मीटरांत त्याचा फरक नगण्य. फटका लांब गेला, पण बॅटीवरून सुटतानाचा वेग होता तेवढाच राहिला. २०१५ मध्ये होम रन ०.३९ वरून ०.५६ वर गेले. या वेळी बॅटी त्याच होत्या, मैदाने तीच होती. बदलला तो फक्त चेंडू. असा स्वच्छ प्रयोग प्रयोगशाळेबाहेर क्वचितच घडतो.

ही हकीकत येथेच संपली असती, पण २०२४ मध्ये अजिंक्यपद मिळवणाऱ्या टेनेसी विद्यापीठाने त्या हंगामातील ७३ सामन्यांत १८४ होम रन मारले. मोकळ्या, तेज बॅटींच्या काळात, १९९७ मध्ये, लुइझियाना स्टेटने केलेला विक्रम १८८ चा. अवघे चार कमी! बॅटीची मर्यादा ०.५० च आहे, चेंडूही २०१५ पासूनचा सपाट शिवणीचाच. वापरलेली बॅट मऊ तर झाली नाही ना, हे अलीकडे सामन्यांआधी छोट्या यंत्रात दाबून तपासतातही.

मग वाढले काय? खेळाडू व्यायामाने अधिक बळकट झाले आहेत, म्हणजे आपल्या हिशेबातला बॅटीचा ३१ मीटर हा वेग वाढला असेल. रडार आणि वेगवान कॅमेरे लावून चेंडू कोणत्या कोनात उडवायचा याचा सराव केला जातो. पिचरही जास्त वेगाने चेंडू टाकतात, म्हणजे ३८ हा आकडाही वाढला. शिवाय टेनेसीचे घरचे मैदान ओमाहाच्या मानाने लहान आहे. वरचे समीकरण घ्या, आधी ३१ च्या जागी ३२ घाला आणि नंतर वेगळ्याने ३८ च्या जागी ३९ घालून पाहा. एक मीटरची वाढ कुठे जास्त फळते ते पाच मिनिटांत कळेल. मैदानाचा वाटा वेगळा काढायला मात्र समीकरण पुरणार नाही. त्यासाठी त्या संघाचे घरचे आणि बाहेरचे सामने वेगवेगळे मोजावे लागतील.